मंजूर भार

पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारीने घरमालकाला त्याच्या घराविषयी कधी काही विचारले नाही. ती दारात उभी राही, पावसात भिजे, उन्हात तापे. आणि तिच्या आहाराची तजवीज गावातील दुसऱ्याच कोणाच्या तरी जागेत, जमिनीखालील टाकीतून, परक्या माणसाच्या हातातील नळीने होत असल्यामुळे, आपल्या भिंतींतून किती जाडीची तार गेली आहे, मीटरच्या खोक्यात काय बसविले आहे, घराची अर्थिंग जमिनीत नेमकी कोठे आणि किती खोल उतरली आहे, या प्रश्नांशी मोटार बाळगणाऱ्या गृहस्थाचा उभ्या आयुष्यात संबंध येत नसे. आमच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, बेगमपुऱ्यातील किंवा औरंगपुऱ्यातील जुन्या वाड्यांत ज्यांच्या दारी घोडा होता, त्यांना पागा, चारा आणि पाणी या तिन्हींचा हिशेब घरातच ठेवावा लागे. मधल्या शंभर वर्षांत तो हिशेब पेट्रोल पंपावर गेला आणि आता विजेच्या मोटारीबरोबर तो पुन्हा घराच्या उंबरठ्याशी येऊन रुजू होत आहे.

निवृत्तीनंतर जुनी गाडी काढून टाकून लहानशी विजेची गाडी घ्यावी असे आमच्या घरी ठरले, तेव्हा तिच्या रंगाविषयी घरातील प्रत्येकाला मत होते; परंतु विक्रेत्याकडील तरुणाने ‘घरी चार्जर कोणता बसवायचा?’ असे विचारताच सारे घर माझ्याकडे पाहू लागले. सरकारी कोषागारात आयुष्य काढलेल्या माणसाला आकडे कळतात, त्याअर्थी वीजही कळत असली पाहिजे, असा एक भाबडा समज आमच्या कुटुंबात रूढ आहे, आणि तो खोडून काढण्याची संधी मला आजवर मिळालेली नाही.

या शहराला मोटारींचे वावडे कधीच नव्हते. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ साली उभा राहिला आणि त्याच्या भोवतीने एक नवे गावच वसले. शेंद्र्याला स्कोडा आली. आणि ऑक्टोबर २०१० मध्ये तर येथील उद्योजक, डॉक्टर, व्यापारी अशा मंडळींनी एकत्र येऊन सुमारे ६५ कोटी रुपयांच्या १५० मर्सिडीज-बेंझ गाड्या एकदमच घेतल्या, तेव्हा मराठवाड्याला मागासलेला म्हणणाऱ्यांनी आपली वाक्ये काही काळ तरी आवरती घेतली. पुढे २०२२ साली ‘औरंगाबाद मिशन फॉर ग्रीन मोबिलिटी’ या नावाने लोक पुन्हा जमले आणि त्याच रीतीने विजेच्या गाड्यांची सामूहिक खरेदी झाली. आता बिडकीनच्या ऑरिक वसाहतीत एथरसारख्या कंपन्यांनी विजेच्या वाहनांच्या कारखान्यांचे बेत जाहीर केले आहेत. समूहाने जाऊन भाव पाडून घेण्याची ही विद्या आम्हा लोकांना चांगली साधली आहे. मात्र गाडी शंभर जणांनी मिळून घेता आली, तरी तिचा घरचा चार्जर ज्याचा त्यानेच निवडावा लागतो. कारण एकाच गल्लीतील दोन घरांच्या भिंतींत वीस वर्षांच्या अंतराने दोन निराळ्या मिस्त्रींनी घातलेल्या तारा असतात, आणि कोणत्याही सवलतीने त्या एकसारख्या होत नाहीत.

पुण्यास असलेल्या चिरंजीवांनी फोनवर तत्काळ निर्णय दिला, “बाबा, विचार कसला करताय? सरळ सगळ्यात मोठा घ्या.” हा सल्ला ऐकून मला आश्चर्य वाटले नाही, कारण तो माझ्याच घरात वाढलेला मुलगा आहे. या शतकाच्या पहिल्या दशकातील भारनियमन ज्याने मराठवाड्यात काढले, परीक्षेचा अभ्यास इन्व्हर्टरच्या मिणमिणत्या नळीखाली केला, आणि वीज आली की पिठाची गिरणी, पाण्याची मोटार, इस्त्री आणि मिक्सर यांची एकाच वेळी उडणारी धांदल पाहिली, त्याच्या मनात वीज ही अखंड वाहणारी वस्तू नसून अधूनमधून भेटीस येणारी पाहुणी आहे, ही समजूत कायमची बसते. आणि पाहुणी थांबली आहे तोवर तिच्याकडून जेवढे घेता येईल तेवढे घ्यावे, ही बुद्धी त्या समजुतीतूनच उत्पन्न होते.

शिवाय आम्हा लोकांना पाण्याने शिकविलेला धडा निराळाच. मलिक अंबराने १६१० मध्ये हे शहर खडकी या नावाने वसविले आणि डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नहरींतून शहरात खेळविले, हे खरे; पाणचक्की तर अठराव्या शतकात त्याच युक्तीच्या पाण्यावर दळत होती. पण माझ्या हयातीतील पाणी हे पैठणहून, १९७६ साली पुरे झालेल्या जायकवाडीच्या नाथसागरातून येते आणि नळाला काही दिवसांच्या अंतराने भेट देते. ‘आज आपला नळ आहे’ हे वाक्य या शहरात जेवढ्या गांभीर्याने उच्चारले जाते, तेवढ्या गांभीर्याने लग्नाचा मुहूर्तही सांगितला जात नाही. त्या दिवशी हौद, गच्चीवरची टाकी, पिंप, हंडे, कळशा, इतकेच काय पण स्वयंपाकघरातील रिकामी पातेलीही काठोकाठ भरली जातात, आणि दुसऱ्या नळाच्या दिवशी त्यांतले निम्मे पाणी ‘शिळे’ ठरून तुळशीला किंवा अंगणाला जाते. विजेची गाडी घेतलेला आमच्याकडील माणूस सुरुवातीचे काही महिने गाडीही अशीच भरतो. दिवसाकाठी दहा टक्के खर्च झाले असले तरी रात्री शंभर टक्के झाल्याशिवाय त्याला झोप लागत नाही. आणि ही शंभरी लवकर गाठावी म्हणून त्याला मोठ्यात मोठा चार्जर हवा असतो. बॅटरीच्या काही जातींना रोज काठोकाठ भरणे मानवत नाही, आणि ज्यांना अधूनमधून पूर्ण भरणे आवश्यक असते त्यांनाही ते रोज नको असते, हे त्याला गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत वाचावयास मिळते. पण नळाच्या दिवसाचे संस्कार पुस्तिकेने पुसले जात नाहीत. चार्जर किती किलोवॅटचा घ्यावा, या प्रश्नाच्या तळाशी उद्याच्या पुरवठ्यावर आपला किती भरवसा आहे, हाच प्रश्न असतो, असे मला या सगळ्या व्यवहारात वाटू लागले.

भरवशाचा प्रश्न बाजूस ठेवून नुसता हिशेब मांडला, तर चित्र अगदीच शांत दिसते. सिडकोतून वाळूजला नोकरीस जाऊन येणारा मनुष्य दिवसाला चाळीसएक किलोमीटर गाडी चालवितो. लहान गाडी एका युनिटात सात किलोमीटर जाते असे धरले, तर त्याला सहा युनिटे लागतात, आणि वाटेतील घट धरून सात. घरातल्या सोळा अँपिअरच्या साध्या जोडणीवर चालणारा ३.३ किलोवॅटचा लहान चार्जर ही सात युनिटे सव्वादोन तासांत देतो. गाडी रात्री आठला फाटकाच्या आत येते आणि सकाळी आठला बाहेर पडते. उरलेले दहा तास ती नुसती उभी असते. माझ्यासारख्या निवृत्त माणसाचे अंतर तर जाधववाडीची मंडी, गुलमंडी, एखादे व्याख्यान आणि महिन्यातून एकदा वेरूळ एवढ्यातच संपते. चोवीस युनिटांची बॅटरी पार रिकामी झाली, तरी तोच लहान चार्जर ती रात्रीतून भरून काढतो. भिंतीवर बसवायचे ७.२ किलोवॅटचे खोके हेच काम निम्म्या वेळात करते; आणि ११ किंवा २२ किलोवॅटची खोकी थ्री फेज जोडणी मागतात, ती ज्यांच्या घरी असेल त्यांनीही एक गोष्ट आधी तपासून घ्यावी.

ती गोष्ट अशी, की भिंतीवरचे हे खोके बॅटरी भरीतच नाही. घरात येणारा प्रवाह उलटसुलट दिशा बदलणारा असतो, बॅटरीला एकाच दिशेचा लागतो, आणि हे रूपांतर करणारे यंत्र गाडीच्या पोटात, कारखान्यातूनच बसवून आलेले असते. त्याची जी ताकद असेल, तिच्या पलीकडे भिंतीवरचे खोके काही करू शकत नाही. गाडीतले यंत्र ३.३ किलोवॅटचे असेल आणि गृहस्थाने हौसेने २२ किलोवॅटचे खोके बसविले असेल, तर गाडी निमूटपणे ३.३ च घेते, आणि उरलेल्या १८.७ किलोवॅटचा उपयोग पाहुण्यांना सांगण्यापुरता उरतो. महामार्गावरील जलद चार्जरांची गोष्ट निराळी; ते रूपांतर स्वतःच्याच पेटीत करून प्रवाह थेट बॅटरीत सोडतात. जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग मुंबईच्या दारापर्यंत पुरा खुला झाल्यापासून आणि राज्याच्या नव्या धोरणाने त्यावर विजेच्या गाड्यांना पथकर माफ केल्यापासून लांबच्या प्रवासाची चिंता या जलद चार्जरांवर सोपवावी आणि घरच्या खोक्याकडून ती अपेक्षा करू नये, हे बरे.

मग खोके करते काय? मला त्याच्या कामाचा प्रकार समजला, तेव्हा माझ्या जुन्या खात्याची आठवण होऊन मनापासून आनंद झाला. गाडीच्या सात टोकांच्या जोडाला, ज्याला बाजारात टाईप-टू म्हणतात, दोन बारीक टोके अशी असतात की त्यांतून ताकदीचा प्रवाह मुळीच जात नाही. त्यांपैकी एका टोकातून खोके गाडीकडे सेकंदाला १००० या गतीने स्पंदने पाठविते, आणि प्रत्येक स्पंदनाच्या रुंदीवरून गाडीला कळते की या घराने आपल्याला किती अँपिअर मंजूर केले आहेत. गाडी उत्तरादाखल त्याच तारेवरचा दाब किंचित उतरविते, म्हणजे मी जोडली गेले आहे, तयार आहे, असा होकार देते. आणि हा होकार मिळाल्यावरच आतला संपर्क ‘टक्’ असा आवाज करून मिटतो आणि प्रवाह सुरू होतो. आधी मागणी, मग मंजुरी, मग रक्कम अदा. आणि मंजुरीहून एक पैही जास्त नाही. कोषागारात इतका काटेकोर व्यवहार मी क्वचितच पाहिला.

घरी गाडी भरण्याची ही कल्पना नवी आहे, असा माझा समज होता. तोही वाचनाने दूर झाला. १९१० च्या सुमारास अमेरिकेतील शहरांत विजेच्या मोटारी पुष्कळ होत्या. हेन्री फोर्डची पत्नी क्लारा स्वतः डेट्रॉइट इलेक्ट्रिक नावाची गाडी वापरीत असे. आणि अशा गाडीच्या मालकांच्या मोटारखान्यात पाऱ्याच्या बाष्पावर चालणारे एक यंत्र असे, ज्याच्या मोठ्या काचेच्या फुग्यात चार्जिंग चालू असेतो निळाजांभळा प्रकाश थरथरत राही. १९१२ साली कॅडिलॅकने पेट्रोलच्या गाडीला विजेचा स्टार्टर बसविला, हँडल फिरविण्याचे कष्ट संपले, आणि पेट्रोल स्वस्त झाल्यावर विजेची गाडी मागे पडत गेली. म्हणजे विजेच्या गाडीला घालवून देण्यात विजेचाच हात होता. इतिहासात असे न्याय बरेच सापडतात.

आता जमिनीकडे येतो. कारण या साऱ्या प्रकरणात मला सर्वाधिक वेळ, पैसा आणि शहाणपण जिने द्यावयास लावले, ती जमीनच. आमचे घर सिडकोतले, ऐंशीच्या दशकातले. घराचे विजेचे काम ज्यांच्याकडे पिढीजात आहे ते वायरमन चाचा, वयाने माझ्याहून थोडे वडील, विक्रेत्याची रंगीत पत्रके पाहावयासही तयार नव्हते. “सर, मशीन कोणतीबी आणा,” ते म्हणाले, “आधी तुमची जमीन बघू.” त्यांनी पिशवीतून होल्डरला लावलेला साधा शंभराचा बल्ब काढला, त्याच्या दोन तारांची टोके सॉकेटच्या दोन भोकांत घातली, बल्ब लख्ख पेटला. मग त्यांनी एक तार काढून वरच्या मोठ्या भोकात, म्हणजे अर्थिंगच्या, घातली. बल्बच्या आतली तार निखारा विझताना दिसावी तशी लालसर झाली आणि तेवढीच राहिली. चाचा काही न बोलता मागच्या अंगणात गेले, न्हाणीघराजवळ भिंतीतून बाहेर आलेली गंजकी तार त्यांनी बोटाने धरून माग काढला, आणि ती एका लोखंडी पाइपच्या तुकड्याला गुंडाळलेली सापडली. त्या काळी मिस्त्री घराची अर्थिंग नळाच्या पाइपला बांधून मोकळे होत. लोखंडी नळ थेट रस्त्याच्या जमिनीत उतरलेला असल्यामुळे ते चालूनही जाई. पुढे गंजलेले पाइप काढून प्लॅस्टिकचे टाकण्याची लाट आली, घरोघरी नळ बदलले, आणि त्या दिवसापासून शहरातील कितीतरी घरांची अर्थिंग दीड वीत लोखंडाच्या तुकड्याशी येऊन थांबली. फ्रिज, गिझर, कपडे धुण्याचे यंत्र यांनी याबद्दल कधी तक्रार केली नाही. विजेच्या गाडीचा चार्जर मात्र तक्रार करतो. जमिनीशी खरा संबंध नसेल तर तो तांबडा दिवा लावून बसतो आणि थेंबभर वीज पुढे जाऊ देत नाही. त्याचा हा हटवादीपणा अनेकांना त्रासाचा वाटतो, आणि तो दूर करण्यासाठी न्यूट्रल आणि अर्थिंग एकत्र बांधून देणारे मिस्त्रीही भेटतात. अशा मिस्त्रीला चहा पाजून परत पाठवावे. ओल्या अंगणात अनवाणी उभे राहून गाडीच्या दाराला हात लावणाऱ्या लहान मुलाचा जीव या एका संबंधावर अवलंबून असतो.

नवी अर्थिंग करावयाची म्हणून कडुनिंबाच्या पलीकडे खणावयास सुरुवात केली. हातभर माती, त्याखाली मुरूम, त्याखाली मांजऱ्या, आणि पुढे कुदळीतून ठिणगी काढणारा काळा पाषाण. कृष्णराज राष्ट्रकूटाच्या काळी ज्या पाषाणातून वेरूळचे कैलास वरून खाली कोरून काढले, तोच हा सह्याद्रीपासून आमच्या अंगणापर्यंत पसरलेला ज्वालामुखीचा खडक. शिल्पकाराला जितका अनुकूल, तितकाच वायरमनला प्रतिकूल, कारण कोरड्या पाषाणातून वीज वाहावयास नाखूष असते. शेवटी लहानशी बोअरची मशीन आणावी लागली. अडीच मीटरचा जस्त चढविलेला पाइप आत सोडला, भोवती कोळसा आणि खडे मीठ यांचे थर दिले, वर नरसाळे बसवून विटांची चौकट आणि लोखंडी झाकण केले. मग चाचांनी अर्थ टेस्टरच्या दोन खुंट्या काही अंतरावर ठोकून हँडल फिरविले, काटा पाहिला, घागरभर पाणी ओतविले आणि पुन्हा पाहिला. पाण्याबरोबर काटा खाली आला. “आता बरोबर,” ते म्हणाले, “पण मार्च ते जून दर आठवड्याला एक घागर हिला पाजायची.”

हे ऐकून स्वयंपाकघरातून प्रतिक्रिया आली. “नळ येतो कधी, आणि तुम्ही पाणी खड्ड्यात ओतणार?” या सवालाला माझ्याजवळ जबाब नव्हता, तो सौभाग्यवतींनीच शोधला. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राच्या नळीतून जे खारट पाणी एरवी मोरीत वाया जाते, ते आता एका बादलीत धरले जाते आणि अर्थिंगच्या वाट्यास येते. चाचांच्या मते क्षारांचे पाणी तेथे अधिकच उपकारक आहे. घरातल्या सर्व व्यवस्थेत एवढी एकच अशी निघाली, की जिच्यात कोणाचाही तोटा झाला नाही.

बाकीचे साहित्य लवकर उरकले. ‘ए.सी.च्या प्लगला लावून टाका, काही होत नाही’ असा सल्ला देणारे हितचिंतक प्रत्येक गल्लीत असतात. गिझर वीस मिनिटे चालतो, ए.सी. मधूनमधून थांबतो, गाडी मात्र पूर्ण भार एकसारखा तासन्‌तास ओढते, आणि सैल झालेल्या सॉकेटचे भोक आधी पिवळे, मग तपकिरी आणि एके दिवशी काळे होते. म्हणून मीटरपासून गाडीपर्यंत स्वतंत्र तार, स्वतंत्र एमसीबी आणि माणसाच्या अंगातून प्रवाह जाऊ लागताच तीस मिलिअँपिअरच्या आत तोडणारी आरसीसीबी, एवढे हवेच. आरसीसीबी ‘ए’ प्रकारची घ्यावी. गाडीच्या यंत्रातून गळणाऱ्या प्रवाहाची जात स्वस्तातल्या ‘एसी’ प्रकाराला ओळखू येत नाही. दुकानात ‘एसी’च पुढे केली जाते, हे जाता जाता सांगून ठेवतो.

यानंतर दफ्तरी काम. महावितरणच्या देयकावर ‘मंजूर भार’ असे एक सदर असते, ज्याकडे गृहस्थाचे लक्ष सहसा जात नाही. मी आमची जुनी देयके काढून पाहिली, तेव्हा लक्षात आले की घरात दोन ए.सी., गिझर आणि ओव्हन येऊन मोठे झाले, तरी कागदोपत्री हे कुटुंब अजून चार पंखे आणि दोन नळ्यांच्याच काळात राहत होते. गाडीसाठी भार वाढवून घेण्याचा अर्ज, परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी दाखला आणि वाढीव अनामत एवढे सोपस्कार झाले म्हणजे हा जुना हिशेबही सरळ होतो. गाडीसाठी स्वतंत्र मीटरही मागता येतो. वीज नियामक आयोगाने विद्युत वाहनांच्या चार्जिंगसाठी निराळी वर्गवारी ठेवली आहे. त्याचा विचार घरातील युनिटे पाहून करावा. घरगुती दर शंभर, तीनशे आणि पाचशे अशा पायऱ्यांनी चढतात. महिन्याला हजार किलोमीटर चालणारी गाडी दीड-पावणेदोनशे युनिटे घेते, आणि ज्यांचे घर आधीच अडीचशेवर आहे त्यांना ती सरळ वरच्या पायरीवर नेऊन बसविते. अशांनी वेगळा मीटर घ्यावा. आम्हा दोघांचा खर्च शंभराच्या आसपास, गाडीचा त्याहून कमी. आमचे एकाच मीटरवर भागते.

वेळेच्या बाबतीत मात्र निवृत्तांना एक अनपेक्षित इनाम मिळाले आहे. १ जुलै २०२५ पासून ज्यांच्याकडे वेळ नोंदविणारा स्मार्ट मीटर आहे, अशा घरगुती ग्राहकांना सकाळी नऊ ते सायंकाळी पाच या वेळेतील विजेवर प्रतियुनिट सवलत मिळू लागली, कारण सौरऊर्जेमुळे दिवसा वीज विपुल होऊ लागली आहे. नोकरदाराची गाडी त्या वेळी वाळूजच्या किंवा शेंद्र्याच्या आवारात उन्हात उभी असते. माझी मात्र घरीच असते. मराठवाड्याच्या उन्हाबद्दल आजवर जे काही बोललो, त्यातील थोडे मागे घ्यावे लागेल असे दिसते.

बीड बायपासवर सदनिकेत राहणाऱ्या माझ्या स्नेह्यांची कहाणी अशी सुखाची नाही. त्यांची गाडी तळघरात, मीटर जिन्याखाली, आणि मधल्या तीस मीटर सामाईक भिंतीवर साऱ्या इमारतीचा हक्क. गाडी पेटेल, लिफ्ट बंद पडेल, उद्या सगळेच मागतील, अशा कैफियती सभेत मांडल्या गेल्या आणि ना हरकत दाखला रेंगाळला. वस्तुतः केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्येच चार्जिंग ही विजेची विक्री नसून सेवा आहे असा खुलासा केला, आणि जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत स्वतःच्या घरी आहे त्या जोडणीवरून गाडी भरण्यास मुभा दिली. कायदा स्नेह्यांच्या बाजूस आहे. पण कायद्याने शेजाऱ्याच्या भिंतीत खिळा ठोकता येत नाही. मी त्यांना सांगितले, की उद्या सगळेच मागतील ही हरकत खरी आहे आणि तिचे उत्तर सगळ्यांनी आजच मिळून मागण्यात आहे. एकच जाड केबल तळघरात नेऊन प्रत्येकाला उपमीटर द्यावा. ते म्हणाले, सभा बोलाविण्यासाठी गणसंख्या भरत नाही.

अखेर आमच्याकडे काय ठरले, ते सांगतो. चिरंजीवांचे सगळ्यात मोठे आणि माझे सगळ्यात लहान, यांमध्ये चाचांनी निवाडा दिला: तार मोठी घाला, मशीन लहान लावा. भिंत एकदाच फोडावयाची असते, तेव्हा बत्तीस अँपिअर सहज वाहील अशी सहा चौरस मिलिमीटरची तांब्याची तार आताच घालून ठेवावी, खोके ३.३ किलोवॅटचे असू द्यावे, आणि पुढे कधी नातवंडांनी मोठी गाडी आणली तर त्यांनी चार स्क्रू काढून ते बदलावे. चिरंजीवांनी “ठीक आहे बाबा, पण रात्री शंभर टक्के करत जा,” अशी पुस्ती जोडली. मी ऐंशीवर थांबतो, हे त्यांना अद्याप कळविलेले नाही.

गल्लीत आमच्यानंतर आणखी दोन विजेच्या गाड्या आल्या आहेत, आणि दोन्ही घरी खोकी ७.२ ची आहेत. मे महिन्यात एका रात्री, सर्वांचे ए.सी. सुरू असताना त्यांनी गाड्या लावल्या आणि कोपऱ्यावरच्या डीपीतून, म्हणजे रोहित्रातून, मोठा आवाज होऊन साऱ्या गल्लीत अंधार झाला. गाड्यांमुळेच झाले की डीपीच म्हातारी होती, यावर दोन तट पडले. चाचांनी मात्र डीपीकडे बोट दाखवून, “हिचाबी भार मंजूर करून घ्या,” एवढेच म्हटले. तेव्हा आता रोहित्राची क्षमता वाढवून मिळावी म्हणून गल्लीतील घरांच्या सह्यांचा संयुक्त अर्ज करावयाचा आहे. मसुदा माझ्याकडे आला आहे, कारण निवृत्त माणसाला वेळ असतो असा सर्वांचा ठाम समज आहे. सह्या गोळा करण्याचे काम ७.२ वाल्यांनी करावे, अशी अट मी घातली आहे.